आपण जिंकलो, गुडघा त्याचा मोडला

मंडळी, ऐका! मारुतीरायाच्या दारात बसलोय आपण, शक्तीच्या देवासमोर. म्हणून आज प्रश्नही शक्तीचाच घेतो. एक माणूस मैदानात खेळतो आणि सगळं गाव म्हणतं, "आपण जिंकलो!" आपण! अहो, तुम्ही तर शेंगा खात बसला होता! पण असू दे, आपण जिंकलो. आता खेळता खेळता त्याच माणसाचा गुडघा गेला, तर गाव काय म्हणतं? "त्याचा गुडघा गेला." त्याचा! जिंकताना आपण आणि मोडताना तो! हे व्याकरण कुठल्या शाळेत शिकवतात हो?

हसा, हसा. मृदंगवाले बुवा तर फारच हसायला लागले!

तर सोनकुरण नावाचं एक गाव. नकाशात शोधत बसू नका. तिथं शिदोजी खराडे नावाचा एक कबड्डीपटू. हौशी नाही हं, व्यावसायिक! मोठ्या शहरात, दिव्यांच्या झोतात, टीव्हीवर दिसणारा. 'सोनकुरण वाघ' असं संघाचं नाव. संघाचे मालक आबासाहेब बाबर. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा शिदोजीच्या हाती लागला, की तो गडी तिथंच झोपला म्हणून समजा! अशी पकड! लहान पोरांच्या पाटीवर, रिक्षाच्या मागं, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे शिदोजीचा फोटो.

आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात त्याचा गुडघा 'कट्' वाजला.

गुडघा सुजून भोपळा! संघाचे डॉक्टर अष्टेकर आले. त्यांनी गुडघा दाबला, मशीनमध्ये आतला फोटो काढून बघितला आणि पाकिटात घातला. दारात आबासाहेब उभे. "डॉक्टर, उद्या उतरतोय ना आपला वाघ?" डॉक्टरांनी सुई भरली. शिदोजीनं विचारलं, "डॉक्टर, ह्यानं गुडघा बरा होईल?"

डॉक्टर म्हणाले, "कळ बंद होईल."

बघा हं मंडळी! विचारलं काय आणि उत्तर काय! घरात आग लागली म्हणून बोलावलं, तर हे गृहस्थ येऊन म्हणतात, "धूर दिसणार नाही!"

शिदोजी खेळला. संघ जिंकला. आबासाहेबांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. आणि सुईचा अंमल उतरल्यावर त्याच शिदोजीला चौघांनी उचलून गाडीत घातला. पुढं आणखी दोन हंगाम हेच. सुई, सामना, गुलाल! त्यानंतरच्या हंगामाला आबासाहेबांनी बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शिदोजी, आता तू विश्रांती घे."

विश्रांती! किती गोड शब्द आहे! काढून टाकलं असं म्हणायला जीभ जड होते, म्हणून मोठ्या माणसांनी शोधून ठेवलेला शब्द!

वर्षं गेली. शिदोजी चाळिशी ओलांडून पुढं गेला. जिना उतरायचा तर खेकड्यासारखा आडवा. पंगतीत सगळे खाली मांडी घालून, हा एकटा खुर्चीवर. कन्येचं लग्न ठरलं, कन्यादानाची वेळ आली. भटजी म्हणाले, "वधूपित्यानं पाटावर बसावं." शिदोजी पाटाकडे बघत उभाच. गुडघा वाकेना! शेवटी शेजारच्या घरातून स्टूल आणलं. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना बाप उंचावर आणि लेक खाली. तिला नीट जवळसुद्धा घेता आलं नाही हो त्याला. तो रडला. लोक म्हणाले, "लेक चालली म्हणून रडतोय."

त्याची बायको मालन. तिला खरं कारण कळलं होतं. तिनं पदर खोचला आणि त्या गुडघ्याचा जाब विचारायला निघाली.

आधी गेली प्रशिक्षकांकडे, येसुगडे सरांकडे. ते म्हणाले, "वहिनी, मी डावपेच सांगणारा. औषधपाणी डॉक्टरांचं." ती गेली डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, "मालकांचा आग्रह होता. मी पगारी माणूस." मग ती गेली आबासाहेबांच्या बंगल्यावर. आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा थांबवला नाही त्यांनी.

"हे बघा बाई, शिदोजी काय लहान होता? सज्ञान होता! स्वतःच्या मर्जीनं खेळला."

"मर्जी इचारली व्हती, मालक. गुडघ्याचं खरं काय ते कुणी सांगितलं न्हवतं."

"अहो, पण लोकांना चषक हवा होता! मी एकटा थोडाच?"

म्हणजे बघा, सर म्हणतात डॉक्टर, डॉक्टर म्हणतात मालक, मालक म्हणतात लोक! मंडळी, रामरायाचं युद्ध होतं आणि शक्ती लागली लक्ष्मणाला. रामराय काय म्हणाले? "लक्ष्मण सज्ञान होता" म्हणाले? "स्वतःच्या मर्जीनं वनवासात आला, मी थोडाच आग्रह केला" म्हणाले? "आता तू विश्रांती घे" म्हणाले? नाही हो! त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडले! आणि ह्या आमच्या मारुतीरायानं पर्वत उपटून आणला! सोनकुरणात मात्र रामही झोपाळ्यावर आणि वैद्यही पगारावर!

आता गंमत ऐका. त्याच आबासाहेबांनी गावात क्रीडासंकुल बांधलं आणि दारात शिदोजीचा पुतळा बसवला! सिमेंटचा! गुडघ्यावर बसून घोटा धरलेला शिदोजी! खऱ्याला खाली बसता येत नाही आणि खोटा ऊन-पावसात कायमचा बसलाय! उद्घाटनाला सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. व्यासपीठाच्या पायऱ्या अशा उभ्या, की शिदोजीला दोघांनी काखेत धरून वर चढवला. निवेदक ओरडतोय, "आणि हे आपले वाघ झेप घेत व्यासपीठावर येत आहेत!"

झेप!

पडदा सरला, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, पुतळ्यासारखंच शेजारी बसा की!"

शिदोजी म्हणाला, "मला न्हाई जमत. त्याला जमतंय, त्याचाच काढा."

लोक हसले. शिदोजी हसला नाही. त्यानं माईक जवळ ओढला. "आबासाहेब, एक इचारू? ह्या पुतळ्याच्या गुडघ्याला तडा गेला, तर कोण बुजवणार?"

आबासाहेब उठून उभे! "अर्थात आम्ही! पुतळ्याची देखभाल कायमची आमच्याकडे!" टाळ्यांचा कडकडाट!

शिदोजी म्हणाला, "मग माझीच तेवढी राहिली."

आबासाहेबांचा हात नमस्काराला उचललेला, तो तसाच राहिला. शिदोजी पुढं म्हणाला, "मीबी हट्टानं खेळलो, न्हाई म्हणत न्हाई. गुलाल मलाबी ग्वाड लागला. माझा वाटा मी रोज भोगतोय. बाकीचा वाटा कुणाचा, एवढं सांगा आणि मग शाल घाला."

आणि मग दुसऱ्या रांगेतून डॉक्टर अष्टेकर उठले. केस पांढरे झालेले. "पहिला वाटा माझा. आतली शीर तुटत आली होती, फोटोत दिसत होतं. मी याला सांगितलं नाही. आबासाहेबांना सांगितलं होतं." एवढं बोलून ते खाली बसले.

सगळं गाव आबासाहेबांकडे वळलं. आता करतात काय? भर मांडवात जाहीर करावं लागलं त्यांना, "शिदोजीचं ऑपरेशन संघ करील, पुढची सगळी दुखणी संघ बघील." बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. बाप्ये नाक शिंकरायला लागले. काय तो पश्चात्ताप! वाटलं, सोनकुरण सुधारलं!

थांबा. कार्यक्रम संपला नव्हता. पुढं प्रदर्शनीय सामना होता.

सामना ऐन रंगात आला. गुण बरोबरीत. संघाचा नवा तारा जयसिंग चढाईला गेला, वळला आणि गुडघा धरून मॅटवर कोसळला. आणि मघाशी डोळे पुसणारं गाव एका आवाजात ओरडलं, "ऊठ! जयसिंग, ऊठ! वाघा, ऊठ!"

डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं हो!

पोरगं गावासाठी उठायला लागलं. तोंड कळवळलंय, पण उठतंय! तेवढ्यात बायकांच्या रांगेतून मालन उठली. सरळ मॅटवर गेली आणि जयसिंगच्या शेजारी मांडी घालून बसली. पंचांनी शिट्टी फुंकली. "बाई, बाहेर व्हा!"

"ह्येचा गुडघा नीट तपासूस्तवर मी उठत न्हाई. आणि तपासलं की खरं काय ते ह्येला सांगा, मालकाला न्हाई."

डॉक्टर पिशवी घेऊन आले. आबासाहेबांनी लांबूनच मान हलवली. सुई मारा! डॉक्टरांनी गुडघा चाचपला. पिशवी उघडली, सुईकडे बघितलं आणि पिशवी मिटली. पोराच्या कानाशी वाकून म्हणाले, "खेळलास तर कायमचा जाईल. आज नाही खेळायचं." जयसिंगनं मालनचा हात घट्ट धरला आणि आडवा झाला.

आणि सोनकुरणानं काय केलं? शिट्ट्या मारल्या! बाटल्या फेकल्या! "बाईनं सामना घालवला" म्हणून आठ दिवस पारावर चर्चा!

शिदोजीचं ऑपरेशन झालं, गुडघा नवा बसवला. आबासाहेबांनी दिला शब्द पाळला, कारण तो माईकवर दिला होता. आज शिदोजी सरळ चालतो. पाटावर मात्र बसता येत नाही. नव्या गुडघ्यालाही जे गेलं ते परत आणता येत नाही. जयसिंग पुढच्या वर्षी बरा होऊन खेळला, अजून खेळतोय. आणि डॉक्टरांना संघानं विश्रांती दिली!

तेव्हा मंडळी, आबासाहेबाला नावं ठेवणं सोपं आहे. मला सांगा, त्या बाटल्या कुणी फेकल्या? आबासाहेबानं? तो तर पुढच्या रांगेत सोफ्यावर होता! उद्या आपल्या जत्रेत कबड्डीची फायनल आहे. त्यात कुणाचा तरी पोरगा पडणार. मी लांबून तुमच्याकडे बघत असेन, सामन्याकडे नाही. पहिला शब्द 'ऊठ' निघाला, तर मारुतीरायाला वाहिलेलं तेल वाया गेलं म्हणून समजा. आणि 'लागलं का रे बाळा?' असं निघालं, तर आजच्या माझ्या घसा फोडण्याचं सार्थक झालं.

चला, वाजवा मृदंग! आरतीला उभे राहा. आणि उभं राहताना शेजारच्या म्हाताऱ्याला हात द्या. त्याचाही गुडघा कुणासाठी तरीच झिजलाय. कुणासाठी, ते त्याला विचारू नका. घरी जाऊन आठवा.