मूळ नक्षत्रावरचं पोर

अंबडच्या कचेरीबाहेर मी वडिलांची वाट बघत बसले होते. शेजारी दोघी नणंद-भावजया भांडत होत्या. भावजयीचा मुलगा चोरीत सापडलेला, आणि ती त्याला जामीन राहायला आलेली. माझं पुस्तक उघडं ते उघडंच राहिलं!

"वयनी, घरी चला. बैलचोराला जामीन राहून राह्यल्या?"

"लेकरू हाय माझं, वन्सं."

"लेकरू! मूळ नक्षत्रावर आलं तवाच म्या म्हन्लं, हे बापाला खाईल."

"म्हनून तर तान्हंच तुमच्या घरी धाडलं. बापानं तोंडबी पाह्यलं न्हाई."

"पाह्यलं असतं तर मेला असता!"

"न पाहताच मेला की प्लेगात. तवा तरी लेकरू माघारी द्यायचं."

"अन् आमची गुरं कोन राखनार होतं?"

"मला भेटूबी दिलं न्हाई कधी."

"भेटलं असतं तर पळालं असतं तुमच्यामागं. म्या त्याला वळन लावलं, वळन!"

"बराबर. दिसून राह्यलं सगळ्या तालुक्याला."

तेवढ्यात शिपाई मुलाला घेऊन बाहेर आला.

"कारभारी, ह्यातली तुझी माय कोनती रे?"

त्यानं दोघींकडं पाहिलं.

"ही आत्या. मंग ती दुसरी असंल."