गेलेली लग्नं

डमडम स्टेशनबाहेर बसच्या रांगेत पुढून मराठी ऐकू आलं. सासू-सुना होत्या. सुनेच्या पिशवीतून रजनीगंधाचे दांडे डोकावत होते.

"आई, न्यू टाउनचं लग्नही गेलं. फुलांची सजावट दुसऱ्याला दिली म्हणे."

"जाऊ दे गं वैदेही. दुसरं मिळेल."

"आधीची दोन गेली, तेव्हाही हेच म्हणालात. सगळे मला एकच विचारतात, तुम्ही कलकत्ता सोडताय ना?"

"तो फुलवाला सुबल फार बडबड्या आहे. त्यानेच उठवलं असेल."

"न्यू टाउनच्या काकू म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने नागपूरला बदली मागितलीय. सुबलला हे कुठून कळणार? हे आपल्या तिघांतच होतं."

"पुढे सरक, रांग हलली."

"मी बाजारात गेले की माझा फोन घरी तुम्ही घेता."

"वाजतो, म्हणून घेते."

"आणि काय सांगता?"

"ती पिशवी दे इकडे, दांडे मोडतील."

"आई?"

"तुझा धंदा वाढला की तू इथून हलणार नाहीस. क्षितिज तिकडे नागपूरला, तू इकडे. मग मी कोणाकडे राहायचं?"

"मला विचारायचं तरी होतं."

"तू खरं सांगितलं असतंस. तेच ऐकायचं नव्हतं मला."

"ही न्यू टाउनची बस. चला, त्या काकूंना आता तुम्हीच सांगा."

"काय सांगू?"

"मी कलकत्ता सोडत नाहीये."

"आणि मी?"

"सांभाळून चढा, आई. मी मागे आहे."