कप्तान बाईचा पाय

रुग्णालयात माझ्या समोरच्या बाकावर दोघी बहिणी फोनवर अवकाशयानाची नवी मालिका बघत होत्या. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. कान मात्र माझं ऐकत नव्हते.

“ताई, या कप्तान बाईला खरंच एक पाय नाही. मुद्दाम तशीच नटी घेतलीय.”

“नुसता दिखावा. माणसं ताऱ्यांवर पोचली आणि यांना एक पाय उगवता येईना?”

“नावं ठेवायला काहीतरी लंगडी सबब काढू नकोस.”

थोरलीची नजर फोनवरून आपल्या पायाकडे गेली.

“ताई, चुकून गेलं गं तोंडातून.”

“असू दे. दुपारी ऑपरेशन झालं, की माझ्या सगळ्याच सबबी लंगड्या. पण गोष्टीत तरी द्यायचा होता ना पाय, मेल्यांनी!”

सिस्टर शाईचं पेन घेऊन आल्या.

“कुठला पाय, ते तुमच्या तोंडून सांगा.”

“डावा.”

“इथं खूण करते.”

“अहो, गुडघ्याच्या खालून कापायचं ठरलंय.”

“सकाळचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी वरून सांगितलंय.”

सिस्टर गेल्यावरही थोरली खुणेकडेच बघत होती.

“ए, त्या बाईचा कुठून गेलाय गं?”

“वरूनच, ताई.”

“मग जरा मागे घे. ती जिना चढते ना, तिथं लाव.”