शंभराला दोनशे अठ्ठ्याहत्तर

मी, उलकान जानुझाकोवा, वय वर्षे ६१, धंदा – निवृत्त शिक्षिका (भौतिकशास्त्र), हल्ली घरकाम व गाडीकाम, राहणार – येचकी-बुलाक, वरची आळी, ओढ्यालगत, नरीन प्रांत, आज पोलीस चौकीत स्वतः चालत येऊन, कोणी न बोलावता, जबाब देते की –

मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहते. एकटी आहे. जबाब लिहून घेणारे कॅप्टन मिर्लान हे माझे विद्यार्थी असून त्यांचे अक्षर शाळेतही असेच होते. हे वाक्य लिहायला त्यांनी का-कू केली. जबाब माझा आहे आणि मी सांगेन ते लिहायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी लिहिले.

आज दि. १४ ऑक्टोबर २०१९, सोमवार रोजी दुपारी बाराच्या सुमारास मी अंगणात गाडीखाली काम करीत असताना शेजारच्या बुरुल वहिनी डोक्याचा रुमाल हातात घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्या आकेंना पोलिसांनी नेलं. चोरी केली म्हणतात. आणि आमचा शहाणा स्वतःच हो म्हणाला." आके म्हणजे त्यांचे पती कुबाताली शेरीपोव, वय ६८, पूर्वी सामुदायिक शेतीच्या गॅरेजात फिटर. मी त्यांना थोरल्या भावाच्या जागी मानते, म्हणून आके म्हणते. मी हात न धुता, कपाटातली एक जुनी वही तेवढी घेऊन निघाले. वाटेत त्यांची गाढवगाडी रस्त्यात तशीच उभी होती, ती घेऊन आले. गाढव चौकीबाहेर बांधले आहे, त्याला कोणीतरी पाणी दाखवावे.

चौकीत आल्यावर मला समजले ते असे. सकाळी साडेअकराला कुबाताली आके गाढवगाडीत पांढऱ्या लोकरी नमद्याचे एक जड गाठोडे घालून ओढ्याच्या खालच्या टोकाकडून वरच्या आळीकडे येत होते. जंगलखात्याच्या वखारीचा कोठीवाला सादिर याने गाठोडे उघडायला लावले. आत राझ्दात्का निघाली. गाडीच्या इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ती लोखंडी पेटी. वखारीतून ऑगस्ट महिन्यात अशीच एक पेटी गेलेली आहे. सादिरने विचारले, "ही कुठली?" आके म्हणाले, "चोरीची आहे. मीच चोरली." कुठून, या प्रश्नाला ते गप्प राहिले. कॅप्टननी विचारले तरी गप्प राहिले. चारच्या गाडीने त्यांना नरीनला पाठवायचे ठरले आहे. तिथे एकदा गुन्हा दाखल झाला की अडुसष्टाव्या वर्षी तो माणूस हिवाळा कोठडीत काढणार, हे मला दिसते आहे. म्हणून हा जबाब.

गाडीविषयी विचारल्यावरून सांगते की, ती गाझ-६९ जातीची, १९६६ सालची. आम्ही तिला गाझिक म्हणतो. माझे वडील जानुझाक हे गुरांच्या डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. गाडी सरकारी खात्यातून बाद झाली तेव्हा त्यांनाच मिळाली. १९९२ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्यानंतर गाडी गोठ्यामागे उभी राहिली, गंजली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. अशी चोवीस वर्षे गेली.

२०१६ साली मी निवृत्त झाले. शाळेने निरोपाला भिंतीवरचे घड्याळ दिले. घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा मी गाडीखाली शिरले. गंजलेले बोल्ट ताकाच्या निवळीत चार-चार दिवस भिजत घातले. तळ पार कुजला होता, तो शाळेच्या जुन्या छपराच्या पत्र्याने नवा केला. वरची ताडपत्री बुरुल वहिनींनी शिवली. इंजिन तीनदा उतरवले, तीनदा चढवले. लोकांनी हसून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हसणारेच दुसऱ्या दिवशी उचलायला यायचे.

या तीन वर्षांत गाडीचे एकही काम असे नाही, ज्यात कुबाताली आकेंचा सल्ला नाही. पण सल्ला भिंतीवरून. पलीकडे दगडावर चढून ते उभे राहत. मला त्यांचे डोके आणि दोन हात तेवढे दिसत. "मास्तरीणबाई, डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात. शाळेत एवढंही शिकवत नाहीत का?" मी म्हणायचे, "आत येऊन दाखवा की. चहा टाकते." ते म्हणायचे, "गुडघा दुखतोय." हा गुडघा सव्वीस वर्षे फक्त माझ्या दारात दुखतो. त्याच गुडघ्याने ते मेंढ्यांमागे डोंगर चढतात. सणाला बुरुल वहिनी येतात, मुले येतात, ताट येते. ते स्वतः १९९३ च्या शरदापासून माझ्या अंगणात आलेले नाहीत. आमच्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दारात न येणे म्हणजे काय, ते कॅप्टनना सांगायला नको.

काल दि. १३ रोजी दुपारी इंजिन पहिल्यांदा सुरू झाले. आकेंना कमी ऐकू येते. त्यांनी भिंतीला तळवा लावून थरथर पाहिली. मी आनंदाने ओरडले, "आता फक्त राझ्दात्का हवी." ते दगडावरून उतरले. आज सकाळी गाठोडे घेऊन निघाले ते माझ्याकडेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टेबलावर ठेवलेला मुद्देमाल मला दाखवण्यात आला. नमदा नवा आहे. पेटीला मेंढीच्या शेपटीची चरबी जाड थापलेली आहे. मी कॅप्टनना फडक्याने कडा पुसायला सांगितले. डाव्या कोपऱ्यात कानशीने पाडलेली त्रिकोणी खाच दिसली, उजवा कोपरा छाटलेला दिसला. ही आमच्या घरच्या मेंढ्यांची कानखूण आहे : डाव्या कानाला खाच, उजव्याचे टोक छाटलेले. गॅरेजात ड्रायव्हर लोक एकमेकांचे सुटे भाग पळवत, म्हणून धनगराच्या पोटी जन्मलेल्या माझ्या बापाने गाझिकच्या प्रत्येक भागाला कानखूण केली होती. लोक म्हणायचे, "जानुझाक, उद्या गाडीची लोकर कातरशील." बॉनेट, दारे, जॅक, सगळ्यांवर ही खूण आहे. माझ्या अंगणात येऊन कोणीही पडताळावी. सबब ही पेटी वखारीची नाही, माझी आहे. सादिरने वखारीची पेटी दुसरीकडे शोधावी.

यावर कॅप्टन म्हणाले, "बाई, पंचाईत उलट वाढली. वखारीची नाही तर तुमची. म्हणजे चोरी तुमच्याकडे झाली. आणि ते कबूल झालेत."

म्हणून पुढील मजकूर देते. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

१९९३ च्या शरदात मी शिक्षकांच्या वर्गासाठी सहा आठवडे नरीनला होते. आई घरी आजारी होती. परत आले, गाडीखाली कोंबडी शोधायला वाकले, तर राझ्दात्का नव्हती. तो हिवाळा मिर्लानला आठवत असेल. वीज गेलेली, पेट्रोल नाही, जवळची गिरणी साठ किलोमीटरवर. लोकांच्या घरात गहू होता आणि पीठ नव्हते. आई उकडलेले दाणे चावू शकत नव्हती. डिसेंबरात कुबाताली आकेंनी ओढ्याच्या खालच्या टोकाला पाणचक्की उभी केली. साऱ्या आळीने तिथे दळले. मीही दळले. त्या पिठाची नान भिजवून आईला भरवली. ती तो हिवाळा जगली आणि पुढचे सहा हिवाळे जगली. हे मी जबाबात मुद्दाम लिहायला सांगते आहे.

चक्कीच्या मधल्या भागावर आकेंनी लाकडी खोका ठोकला होता. "हात घालू नका, बोटं जातील," म्हणायचे. खोक्यातून एक दांडा बाहेर आलेला होता. गहू असला की एकीकडे ओढायचे, जव असला की दुसरीकडे. तो दांडा ओढल्यावर जो आवाज व्हायचा, तो मी लहानपणी बापाशेजारी बसून चिखलात, बर्फात, हजार वेळा ऐकलेला आहे.

आवाज हा पुरावा नव्हे, हे मीच वर्गात शिकवत असे. म्हणून ११ मे १९९६ रोजी मी सातवीचा वर्ग सहलीला चक्कीवर नेला. पाण्याच्या चाकाचे फेरे तुर्गुनबायने मोजले, दगडाचे दुसऱ्या एका विद्यार्थ्याने. चाकाचे शंभर, दगडाचे दोनशे अठ्ठ्याहत्तर. दांडा ओढून पुन्हा मोजले, शंभराला एकशे पंधरा. गाझिकच्या पुस्तकात राझ्दात्कासाठी छापलेले आकडे नेमके हेच आहेत. आकेंनी पेटी उलटी जोडली होती, म्हणजे जी गाडीत वेग कमी करते ती चक्कीत वाढवील. नववीच्या मुलाला सुचणार नाही अशी ही गोष्ट त्यांना उपाशी गाव बघून सुचली. आकेंनी चोरी कबूल केली हे ऐकताच कपाटातून उचलली ती वर्गाची वही हीच, ते पान जोडत आहे.

दगडाचे फेरे मोजणाऱ्याचे नाव वहीत मिर्लान असे आहे.

या ठिकाणी कॅप्टननी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, तुम्ही मला तीनदा मोजायला लावलंत. मला आजवर वाटत होतं, माझं चुकलं."

मी म्हणाले, "तुझं बरोबर होतं. चुकावं असं मला वाटत होतं." मग त्यांनी पुढे लिहायला घेतले.

सबब, माझी पेटी कुठे आहे, कशासाठी आहे आणि कोणाकडे आहे, हे मालकीण या नात्याने मला १९९६ पासून नक्की आणि १९९३ पासून जवळपास ठाऊक होते. मी ती मागितली नाही. तिने दळलेले मी खाल्ले. चोरीत मालक आणि चोर एका ताटात जेवत नाहीत. आमच्याकडे कळपात दुसऱ्याच्या कानखुणेची मेंढी शिरली आणि कोणी तिला हिवाळाभर चारा घालून जगवले, तर मालक चौकीत जात नाही, जगवणाऱ्याचे उपकार मानतो. माझी मेंढी त्यांनी सव्वीस हिवाळे जगवली. २००८ साली चक्की थांबली, तेव्हापासून दर वर्षी तिथेच जाऊन तिला ताजी चरबी लावली असणार, कारण आत गंजाचा ठिपका नाही. माझ्या गोठ्यामागे राहिली असती तर आज तिची माती झाली असती. दांड्याच्या मुळाशी रबराखाली अजून पीठ आहे, ते मी बोटाने काढून कॅप्टनना दाखवले.

माझा दोष असेल तर तो असा. सुरुवातीला बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी त्याच दिवशी पेटी काढून आणून दिली असती आणि चक्की बंद पडली असती. पण चक्की थांबल्यावरही बोलले नाही. त्यांनी आपणहून सांगावे म्हणून अडून बसले. ही मास्तरकीची खोड आहे. मूल मान खाली घालून उभे आहे हे दिसत असूनही बाकावर बसू द्यायचे नाही. नरीनच्या भंगार बाजारात मला दोनदा राझ्दात्का मिळत होती, दोनदा मी नको म्हणाले. त्या हट्टापायी एक भला माणूस सव्वीस वर्षे माझ्या फाटकापासून मागे वळला, आणि आज कोठडीत बसला आहे. याचे मला फार वाईट वाटते.

माझी कुबाताली शेरीपोव यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, पुढेही असणार नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत : आईच्या सात हिवाळ्यांचे, आणि भिंतीवरून शिकवलेल्या अख्ख्या गाडीचे. या जबाबात जिथे जिथे कॅप्टननी "सदर इसम" लिहिले होते, तिथे खोडून "आके" किंवा "शेजारी" करून घेतले आहे. मुद्देमाल आणि शेजारी दोन्ही माझ्या ताब्यात द्यावे. पेटी मला एकटीला उचलवत नाही, गाडीखाली धरायला दुसरा माणूस लागतो, आणि तो अंगणात यावा लागतो. भिंतीवरून ते काम होत नाही.

हा जबाब कॅप्टन मिर्लान यांनी मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून तो उभे राहून, वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचला, कारण आतल्या खोलीत बसलेल्या आकेंचे कान चक्कीने बिघडलेले आहेत. मी सांगितले तसाच तो आहे. वाचून झाल्यावर आतून आकेंनी विचारले, "मिर्लान, तिला विचार, तो चहा अजून आहे का?"

आहे, असे मी उत्तर दिले. तेही इथे लिहून घेतले आहे आणि तेही बरोबर आहे.

(सही) उलकान जानुझाकोवा
माझ्यासमक्ष : मिर्लान, कॅप्टन. सातवी, १९९६.