दिवा आधी कोण लावणार?

पावसाळा आला, की दिव्यावरची पाखरं आठवतात. सदाशिव पेठेत आमची आणि लेलेकाकांची गॅलरी एकच होती. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याभोवती बारीक पाखरं जमली, की आई घरातले सगळे दिवे घालवायची. मग पाखरं निमूट काकांच्या दिव्याकडे जायची.

एकदा भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "वहिनी, आपली मंडळी पोचली हो इकडे. जेवून आलीत, की पानं मांडू?"

आई अंधारातूनच म्हणाली, "आमच्या वरणात पडून आलीत. आता ताक तेवढं द्या."

काकांनी खटकन आपलाही दिवा घालवला. आता जो दिवा लावेल, त्याच्याकडे पाखरं! कोणीच लावेना. शेवटी दोन्ही घरं ताटं घेऊन गॅलरीत आली आणि अंधारात चाचपडत जेवली. कोणाची पोळी कोणाच्या ताटात गेली, कळलंच नाही. त्या पावसाळ्यात मग हे रोजचंच झालं.

आता कर्वेनगरच्या फ्लॅटला सगळीकडे जाळी आहे. एक पाखरू आत येत नाही. तरी परवा मुद्दाम सगळे दिवे घालवून ताट घेऊन बसलो. दाराबाहेर शेजारचे वॉचमनला सांगत होते, "हे गावाला गेलेले दिसतात. जरा लक्ष ठेवा."