भरून टाकलेल्या खाचा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान, आणि कार्यशाळेपासून दुर्बिणीच्या घुमटापर्यंतच्या माझ्या सोबत्यांनो,

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, भाषणाची सवय नाही. बाईंच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या रंगांचे आलेख, साफ करत आलो, एवढीच माझी ओळख.

मघाशी अध्यक्षांनी बाईंचा गौरव केला, तो सार्थच आहे. ओघात ते म्हणाले, "एकदाच काय ती त्यांच्या हातून घाई झाली." छापून आलेला शोधनिबंध बाईंना मागे घ्यावा लागला आणि पुढे विभागाचं प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं, हे इथे कोणाला ठाऊक नाही? त्याबद्दलच बोलतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालून आपल्याकडे येतो. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत विरळ वायू असतो. वाटेतला एकेक ढग त्या प्रकाशातला ठरावीक रंग शोषून घेतो. विश्व पसरतं तसा प्रकाश ताणला जातो, म्हणून प्रत्येक ढगाची खूण वेगळ्या जागी उमटते. आलेखावर बारीक बारीक खाचा दिसतात. तो वायू स्वतः दिसत नाही. त्यानं जे ठेवून घेतलं, तेवढ्यावरून तो कळतो.

माझं काम आलेखातले खराब ठिपके काढायचं. नवीन होतो, हौस दांडगी. खाचा बघून वाटलं, यंत्राचा दोष. आठवडाभर बसून एकेक खाच भरली. रेघ कशी, इस्त्रीच्या शर्टासारखी! बाई तेव्हा आईच्या आजारपणात दवाखान्यात ये-जा करत होत्या. माझ्यावर विश्वासून त्यांनी लिहिलं, या दिशेला वायू फारच कमी आहे.

निबंध छापल्यावर दुसऱ्या वेधशाळेचं पत्र आलं, आम्हाला त्याच दिशेला भरपूर खाचा दिसतात. बाईंनी मूळ नोंदी काढल्या, शेजारी माझा आलेख ठेवला आणि मला बोलावलं.

"हे काय रे बाबा?"

"डाग होते बाई. पुसले."

"अरे, जे बघायला एवढा खटाटोप केला, तेच पुसलंस की!"

नोकरी कायम व्हायला दोन महिने होते, घरी मुलगी तीन महिन्यांची. बाईंनी मूळ नोंदी माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, "निबंधावर नाव माझं आहे. मी तपासायला हवं होतं. जा, पुन्हा कर. आणि शंका आली की विचारत जा, खाऊन नाही टाकणार तुला."

मागे घेण्याच्या पत्रात माझा उल्लेख नव्हता. मीही गप्प बसलो. बायको दरवर्षी म्हणायची, "एकदा सांगून मोकळे व्हा की." रोज देवासमोर उभा राहिलो की पहिलं तेच आठवायचं, आणि मी दुसरंच काहीतरी मागायचो.

बाई, आत्ताही तुम्ही हातानं 'नको' म्हणताय. आज ऐकणार नाही. अध्यक्ष महोदय, घाई बाईंची नव्हती. त्या खाचा मी भरल्या. आपलं भाषण संस्थेच्या अहवालात छापलं जाईल, तेवढं वाक्य दुरुस्त करावं, ही हात जोडून विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सगळे सांभाळून घ्याल. वीस वर्षं बोललो नाही, त्याची क्षमा मात्र बाईंकडेच मागतो.