डावी खुर्ची

हाव, समजलं मले काऊन आले तुम्ही, पन आधी बसा अन मले बोलू द्या. जळगाव जामोदहून भर उन्हात, नांदुऱ्याले गाडी बदलून मलकापूरले कोनी नुसता चहा प्याले येत नाही, भाऊराव. साक्षगंध झालेलं हाये, तुमची समता अन आमचा संघपाल रोज फोनवर बोलतात, अन आज मुलीचा बाप न सांगता दारात उभा – मी काय दुधखुळा हाये? तुमच्या त्या मेव्हन्यानं सांगितलं असन, नाही का? त्यानंच. साक्षगंधाच्या पंगतीत जिलेबी चावता चावता दोनदा इचारलं होतं त्यानं मले, "जवाई पक्का कॅप्टन हाये ना?" तं घ्या, मीच सांगतो. नाही हाये आता. खांद्यावर चार पट्टे होते, तीन झाले. डाव्या खुर्चीतून उजव्या खुर्चीत बसवला त्याले. आपल्या एसटीत डायवर उजवीकडं बसते, इमानात मालक, म्हंजे कॅप्टन, डावीकडं बसते अन उजवीकडं त्याचा हाताखालचा. झालं समाधान?

थांबा ना, मधात नका बोलू, सांगून राह्यलो ना. संघपालची कंपनी लहान. पंख्याचे इमान, लहान लहान गावाले जानारे. नऊ वर्स उडवलं त्यानं. मंग मोठ्या कंपनीनं लहानीले इकत घेतलं. चला, घेतलं. आता दोघींचे पायलट एक झाले, म्हंजे कोन सिनियर, कोन ज्युनियर, ह्याची एकच यादी कराव लागते. मी जिंदगी एसटीत डायवरकी केली, मले नका सांगू यादी काय असते ते. वरचा मानूस दिवसाची गाडी घेते, दिवाळीले घरी राह्यते. खालचा मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात मच्छर मारत झोपते. अन आमच्या डेपोत जो सोताहून बदली मागून आला, तो सगळ्याच्या खाली, मंग त्याचे केस पांढरे झालेले असो. 'पाहुना' म्हनत होतो आम्ही त्याले. पाहुन्यानं पंख्याखालच्या बाकावर बसाचं नाही, पाहुन्यानं चांगली गाडी मागाची नाही. बरोबरच होतं ते! तुले गावाकडं याचं होतं ना, मंग बस खाली. पन माह्या पोरानं कुठं बदली मागितली? तो आपल्या जाग्यावर बसला होता, कंपनीच त्याच्या बुडाखालून इकली गेली. अन मोठ्या कंपनीचे काल-परवा लागलेले, मिशी न फुटलेले, ते यादीत वर – हा खाली. काऊन? तं म्हने, नोकरीची तारीख आमच्याकडं आला तवापासून धरनार. वा रे वा! म्हंजे नऊ वर्स त्यानं काय पतंग उडवले?

अन तुम्हाले वाटते का मी हात जोडीन? इसरा. समताले आम्ही पसंत केलं तवा नागपूरचे डॉक्टर पोरगी घेऊन बसून होते ह्याच खुर्चीवर. तुमचं काय, केळीचा बगीचा अन कॉलेजात शिकवनारी पोरगी. चांगली हाये, मी वाईट नाही म्हनत. पन कॅप्टनचा सासरा म्हून तुम्ही जळगाव जामोदच्या बाजारात छाती काढून फिरत होते, हे मले मालूम हाये. आता लाज वाटून राह्यली, नाही का?

काय म्हनले? यादीच्या कागदावर सही त्यानंच केली? हे कोनं सांगितलं तुम्हाले – समतानं? हाव, केली! अन इथंच तं माहं डोकं फिरते, भाऊराव. लहान कंपनीच्या पायलटायनं बोलनी कराले ह्यालेच पुढं केलं होतं. मोठे म्हनले, जुन्याइचे पट्टे ठेवतो, पन तुमचे नवे पोरं घरी जातीन. नाही तं सगळे या, अन सगळे खाली बसा. मी फोनवर सांगितलं, काय बे संघपाल, आपलं पाह्य, ते नवे पोट्टे तुह्ये कोन लागतात? तं मले म्हनते, "बाबा, त्याइचे बाप बी डायवरच असतीन." मलेच! मी फोन आपटला. तवापासून फोनवर त्याची माय बोलते त्याच्याशी, मी नाही. दुसऱ्याच्या लेकरायसाठी सोताचा पट्टा काढून देनारा असा मूर्ख आमच्या खानदानात झाला नाही. को-पायलट म्हंजे काय असते? क्लीनर! क्लीनर झाला माहा पोरगा, तो बी आपल्या सहीनं. मांगच्या महिन्यात आलता, ड्युटीवरून सिधा, ड्रेसवर. मी म्हनलं, समोरून नको येऊ, कॉलनीतले पट्टे मोजतीन. मांगच्या दारानं ये. तं मांगून आला, मायले भेटला, अन गेला. जेवला बी नाही. त्याच्या मायनं वांग्याची भाजी केली होती, रोडगे केले होते – जाऊ द्या. हे तुम्हाले सांगाचं नव्हतं मले.

तं बोला आता. मोडाची ना सोयरीक? मोडा. मी तोंड वेंगाडनारा मानूस नाही.

काय?

तारीख? लग्नाची तारीख काढाले आलते तुम्ही? अन समताले हे सारं पहिलेपासून मालूम होतं? तिनंच त्याले म्हनलं, सही कर म्हून? अहो मंग आल्याबरोबर बोलाव ना, बाप्पा! मी बोलू देल्लं नाही? बरं, नाही देल्लं. बसा, बसा. अवो, ऐकलं का, शिरा टाक थोडा, इवाई तारीख काढाले आले – अन उठले काऊन तुम्ही? आता काय झालं?

आधी मी त्याले फोन लावाव? तुमच्यासमोर? अन समोरच्या दारानं ये म्हनाव, मंग तारखेचं बोलू?

मी? भाऊराव, बाप मी हाये. खालच्यानं वरच्याले फोन लावाव, का वरच्यानं खालच्याले? लावीन तो, त्याले गरज असन तं. नसन तं राहू दे. अन लग्न काय, तुमच्याच पोरीशी झालं पायजे असं कुठं लिहिलं हाये. नाही, नाही, जमनार नाही आपल्याच्यानं. तुमची चारची गाडी असन, निघा तुम्ही. फाटकाची कडी लावून घ्या जातानी, कुत्रे शिरतात.